बादलीतला टोमॅटो पिवळा पडतोय, पाणी खत सगळं वेळेवर, तरी कुठे चुकतंय?

तिसरा_मजला (पुणे), १२ एप्रिल, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसता वाचत होतो, आज लिहायची वेळ आली कारण डोकं चालेनासं झालंय.

आमचा फ्लॅट उत्तरेकडे तोंड करून, समोर दुसरी बिल्डिंग, ऊन म्हणजे फक्त सकाळी सात ते साडेसात भिंतीवर एक पट्टा येतो तेवढंच. म्हणून बंद केलेल्या बाल्कनीत एलईडी लावून क्रॅटकी पद्धतीने झाडं लावली, म्हणजे पंप नाही, पाण्यात बुडबुडे सोडणारा एअर स्टोन नाही, बादलीत खताचं पाणी, झाकणाला भोक, त्यात नेट पॉट (जाळीची छोटी कुंडी) आणि क्ले बॉल (भाजलेल्या मातीच्या गोळ्या). रंगाच्या २० लिटरच्या पांढऱ्या बादल्या, चार. दोनमध्ये बुटका चेरी टोमॅटो (तो फूट दीड फुटाच्या वर जात नाही तो), एकात ज्वाला मिरची, एकात ढोबळी.

बी १ मार्चला कोकोपीटमध्ये टाकलं, १६-१७ मार्चला बादलीत शिफ्ट. पहिले दहा दिवस असली जोरदार वाढ की मी ऑफिसात फोटो दाखवत फिरत होतो. आता टोमॅटोची वरची नवीन पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या, आणि कोवळ्या पानांच्या कडा करपल्यासारख्या, वाकड्या. दुपारी पानं मान टाकतात, पाणी काठोकाठ असून! एका टोमॅटोला कळ्या आल्या त्या तशाच गळल्या. मिरची जिथल्या तिथे थांबलीय. ढोबळी त्यातल्या त्यात बरी.

करतोय काय ते सांगतो: पाणी आरओचं, खत १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही १९ टक्के). व्हिडिओत म्हणाला होता की टीडीएस मीटरवर (पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवणारा पेन) ८०० आलं पाहिजे, लिटरला एक ग्रॅम घातलं तर तेवढं येईना म्हणून घालत गेलो, शेवटी जवळजवळ दोन ग्रॅमला आलं. रोज सकाळी झाकण उचलून पाणी कमी झालं असेल तेवढं त्याच खताच्या पाण्याने परत वरपर्यंत भरतो, एक दिवस चुकवलेला नाही. लाइट चोवीस तास, म्हटलं ऊन नाही तर निदान लाइट तरी पोटभर मिळू दे.

बायको म्हणते एवढ्या पैशात दोन वर्षं टोमॅटो आले असते. आई म्हणते बादलीत गंजका खिळा टाक. कोणाचं ऐकू?

---

अंगणवेडी, १३ एप्रिल, सकाळी ७:०५

सगळी केमिकल बंद करा आणि पाण्यात जीवामृत घाला, नाहीतर शेणखत फडक्यात बांधून बादलीत सोडा. आमच्या गच्चीवर सगळं त्यावरच आहे, कधी पिवळं पान बघितलं नाही.

---

मिरचीवाली (ठाणे), १३ एप्रिल, सकाळी ९:३०

ताई, गच्चीवरच्या कुंडीत माती आहे, मातीत जिवाणू आहेत, हवा आहे, म्हणून ते चालतं. बंद बादलीत साचलेल्या पाण्यात शेण सोडलं की दोन दिवसात गटार होईल आणि आहे तेवढा ऑक्सिजनही ते कुजताना खाऊन टाकेल. ते इथे नको.

तिसरा मजला, तुझं वाचताना मला माझं पहिलं वर्ष आठवलं. तू झाडाची काळजी घेत नाहीयेस असं अजिबात नाही, तू जरा जास्तच घेतोयस. ते "रोज वरपर्यंत भरतो" वाचून मी कपाळावर हात मारला.

बघ, ह्या पद्धतीत पंप का लागत नाही? कारण पाणी हळूहळू खाली जातं आणि झाकण ते पाणी ह्यांच्यामध्ये जी दमट पोकळी तयार होते तिथे झाड वेगळी मुळं काढतं, बारीक, केसाळ, आडवी पसरलेली. ती हवा घेतात. खालची लांब मुळं पाणी आणि खत घेतात. हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांनी जी मांडणी केली तिचं सगळं गमक ह्या पोकळीत आहे, बादली, नेट पॉट वगैरे नंतरच्या गोष्टी. आता तू काय करतोस, रात्रभरात झाड बिचारं दोन बोटं पोकळी मिळवतं, तिथे मुळं फुटायला लागतात, आणि सकाळी तू ती बुडवतोस. रोज. म्हणून पाणी काठोकाठ असून दुपारी पानं मान टाकतात. तहान लागलेली नाहीये त्याला, गुदमरतंय ते.

पुढचं सांगायच्या आधी चार गोष्टी मोजून सांग. एक, दुपारी तीन वाजता बादलीतल्या पाण्याचं तापमान (साधा ताप मोजायचा काचेचा थर्मामीटर नको, किचनचा चालेल). दोन, पीएच. तीन, मुळांचा रंग आणि वास, वास महत्त्वाचा, नाक घाल. चार, बादलीच्या आतल्या बाजूला बोट फिरवून हिरवं लागतं का.

आणि लाइट आज रात्रीपासून बंद ठेव, निदान आठ तास. टोमॅटोला अंधार लागतो. सलग चोवीस तास उजेड दिला तर त्याची पानं पिवळी पडतात, डाग येतात, हे काही माझ्या मनाचं नाही, टोमॅटोचं ते माहीत असलेलं दुखणं आहे. टोमॅटो मिरची दोन्हीला फुलायला दिवस रात्रीचं ठरावीक माप लागत नाही, त्यामुळे सोळा तास दिलेस तरी फुलं यायची ती येतील. साधा टायमर आण.

---

तिसरा_मजला, १३ एप्रिल, रात्री १०:१५

बापरे. मोजलं सगळं.

पाणी दुपारी ३२ डिग्री. (बाल्कनी बंद, एलईडी वरून तापतो आणि पुण्यात सध्या काय चाललंय ते माहितीच आहे.) पीएच ७.५. मी सुरुवातीला ६ करून घेतला होता लिंबू पिळून, मग परत मोजलाच नाही. शेवाळ आहे, पांढऱ्या बादलीतून उजेड आरपार जातो हे मला आज रात्री बॅटरी लावल्यावर कळलं, अख्खी बादली आकाशकंदिलासारखी चमकते.

मुळं: ढोबळीची पांढरी. मिरचीची पिवळसर. एका टोमॅटोची तपकिरी, हातात धरली तर वरची साल निघून आत दोरा राहतो, आणि वास, काय सांगू, फुलदाणीत आठवडाभर राहिलेल्या पाण्यासारखा. दुसऱ्या टोमॅटोची अर्धी अर्धी.

पण खत तर मीटरप्रमाणे बरोबर आहे ना? ८०० म्हणजे ८००. मग पानं पिवळी का?

---

नारायणगावकर, १४ एप्रिल, दुपारी १:२०

मी खताच्या दुकानात बसतो, ॲग्री केलेलं आहे, आमच्या जुन्नर तालुक्यात टोमॅटो म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, त्यामुळे राहवलं नाही. जेवण झाल्यावर गिऱ्हाईक नसतं तेवढ्यात लिहितोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

दादा तुमचा मीटर खोटं बोलत नाही पण खरंही पूर्ण सांगत नाही. तो पेन काय मोजतो, पाण्यातून वीज किती वाहते ते, आणि त्यावरून हिशोबाने आकडा दाखवतो. १९:१९:१९ मध्ये जो १९ टक्के नत्र आहे त्यातला निम्म्याहून जास्त युरियाच्या रूपात असतो. आणि युरिया पाण्यात विरघळला तरी वीज वाहून नेत नाही. म्हणजे तुमच्या मीटरला तो दिसतच नाही! साखर टाकल्यासारखं. आकडा कमी दिसला म्हणून तुम्ही अजून टाकलं, परत कमी दिसला, परत टाकलं. लिटरला दोन ग्रॅम म्हणजे ३८० मिलिग्रॅम नत्र झाला, टोमॅटोला दोनशेच्या आसपास भरपूर होतो. वर रोज तेच पाणी भरत गेलात.

शेतात ड्रिपने १९:१९:१९ सोडतात ते चालतं कारण जमिनीतले जिवाणू युरियाचं अमोनियम आणि मग नायट्रेट करतात. बादलीत ते सगळं नीट होत नाही, मध्येच अमोनियमवर अडकतं आणि जास्त अमोनियम झालं की मुळं पोळतात, वर कॅल्शियम उचलायला पण अडथळा.

आता कॅल्शियमचा विषय निघालाच आहे तर, १९:१९:१९ मध्ये कॅल्शियम शून्य. मॅग्नेशियम पण नाही. आणि पाणी तुमचं आरओचं, म्हणजे पाण्यातून जे थोडंफार मिळालं असतं ते पण मशीनने काढून टाकलेलं. कोवळ्या पानांच्या कडा करपणं, वाकणं, तिथेच उत्तर आहे. कॅल्शियम जुन्या पानातून नव्यात जात नाही, म्हणून मार नेहमी कोवळ्या भागाला बसतो.

तुम्हाला लागेल ते आमच्यासारख्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं, पण २५ किलोची गोणी घेऊ नका, सुटं किंवा एक किलोचं पाकीट मागा. दहा लिटर पाण्याला:

कॅल्शियम नायट्रेट ८ ग्रॅम, १३:०:४५ ५ ग्रॅम, ०:५२:३४ अडीच ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ५ ग्रॅम, चिलेटेड लोह (पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेलं) १२ टक्केवालं ०.२ ग्रॅम, आणि चिलेटेड मिक्स मायक्रोन्यूट्रिएंट चिमूटभर. ग्रेड टू नावाचं मायक्रोन्यूट्रिएंट देतील, ते फवारणीचं, ते नको.

ह्याने ईसी (पाणी वीज किती वाहून नेतं त्याचं माप) १.८ ते १.९ येते. तुमच्या पेनवर ९०० पण दिसेल किंवा १३०० पण दिसेल, कारण काही पेन एक ईसीला ५०० धरतात आणि काही ७००, म्हणून व्हिडिओतला ८०० आणि तुमचा ८०० एकच आहे असं समजूच नका. ईसी दाखवणारा मोड असेल तर तोच वापरा. आजारी झाडाला आणि रोपाला निम्मं करून द्या.

एक मात्र लक्षात ठेवा. कॅल्शियम नायट्रेट आणि बाकीची खतं कोरडी किंवा घट्ट पाण्यात एकत्र करायची नाहीत. दूध फाटल्यासारखं पांढरं होतं आणि तळाला चुना बसतो, मग बादलीत खत नाही आणि तळाला प्लास्टर. बादलीत आधी जवळजवळ सगळं पाणी घ्या, एक एक वेगळ्या मगात विरघळवून ओता, कॅल्शियम सगळ्यात शेवटी. आणि वजन किचनच्या काट्यावर नको, त्याला अडीच ग्रॅम कळत नाही, सोनारासारखा छोटा काटा मिळतो तीनचारशेत.

---

निवृत्त_केमिस्ट, १४ एप्रिल, संध्याकाळी ६:५०

नारायणगावकरांनी युरियाचं अगदी योग्य सांगितलं. त्यात एक भर घालतो, कारण श्री. तिसरा मजला यांचा पीएच ६ वरून ७.५ कसा झाला हे त्यातच दडलेलं आहे.

युरिया पाण्यात फुटला की अमोनिया आणि कार्बोनेट होतं, आणि त्याने पीएच वर चढतो. शिवाय शेवाळ दिवसभर उजेडात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यानेही पीएच वर. तुमच्याकडे तर दिवस मावळतच नव्हता! तिसरं म्हणजे लिंबू. सायट्रिक आम्ल हे पाण्यातले जिवाणू आवडीने खातात, त्यामुळे लिंबाने किंवा व्हिनेगरने उतरवलेला पीएच एकदोन दिवसात पुन्हा होता तिथे जातो, वर जिवाणूंना फुकटचं जेवण.

आता शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं, तेही नव्या पानांवर, हे लोहाच्या कमतरतेचं चित्र. तुमच्या खतात लोह नव्हतंच, पण असतं तरी ७.५ ला फारसं उपयोगी पडलं नसतं. साधं ईडीटीए चिलेट साडेसहापर्यंत लोहाला धरून ठेवतं, पुढे त्याची पकड सुटत जाते. डीटीपीए साताच्या आसपास टिकतं. म्हणून महागडं चिलेट शोधण्यापेक्षा पीएच ५.८ ते ६.२ मध्ये ठेवणं स्वस्त पडतं.

मातोश्रींना माझा नमस्कार सांगा, पण खिळा नको. गंज म्हणजे लोहाचा असा प्रकार जो पाण्यात विरघळतच नाही, झाडाच्या दृष्टीने तो दगड. कोणी हिराकस सुचवेल, तीही नको, काही तासात तिचाही गंजच होतो आणि फॉस्फेट बरोबर घेऊन तळाला बसतो.

पीएच उतरवायला फॉस्फोरिक आम्ल वापरा. ८५ टक्के मिळतं, ते थेट बादलीत टाकू नका, आधी दहापट पातळ करून बाटलीत भरून ठेवा. पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी कधीही नाही. हातमोजे, चष्मा, आणि बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव. घरात लहान मूल असेल तर कुलपात. बॅटरीचं ॲसिड वापरणारे महाभाग मी पाहिले आहेत, जुन्या बॅटरीतल्या त्या पाण्यात शिसं असू शकतं आणि तुम्ही तो टोमॅटो खाणार आहात.

आरओच्या पाण्याला पीएच धरून ठेवायची ताकद नसते, त्यामुळे दोन थेंबांनी तो दाणकन खाली येईल. थेंब थेंब टाका, ढवळा, दहा मिनिटं थांबा, मग मोजा. तुमच्याकडे नळाचं धरणाचं पाणी येत असेल आणि टीडीएस शंभराच्या आत असेल तर आरओ वाया घालवूच नका, नळाचंच घ्या, रात्रभर उघडं ठेवून. टँकर किंवा बोअरचं असेल तर मात्र आरओच बरं.

---

राईनकाठ, १४ एप्रिल, रात्री ११:३०

विषयाला थोडं सोडून. इथे जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून सज्ञान माणसाला घरी गांजाची तीन झाडं लावायची कायद्याने मुभा आहे, तेव्हापासून आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांच्या खोलीत ह्याच बादल्या, हेच नेट पॉट आणि हीच रडगाणी. माझ्या शेजाऱ्याची ती आपोआप फुलणारी जात, तिला दिवस रात्रीचं काही देणंघेणं नसतं, ठरलेल्या वयाला फुलणार म्हणजे फुलणार, मग तोवर झाड वीतभर असो की हातभर. त्याचे पहिले तीन आठवडे रोज पाणी भरण्यात गेले, झाड थांबलं नाही, वीतभर असतानाच फुललं आणि संपलं. तुझ्या बुटक्या टोमॅटोचंही थोडं तसंच आहे, त्याचं आयुष्य छोटं, त्यामुळे सुरुवातीचा धक्का भरून काढायला त्याला वेळ नसतो. मिरचीला आहे, ती वर्ष दोन वर्षं जगते, तिला वाचव.

आणि हो, तुमच्याकडे एनडीपीएस १९८५ (अमली पदार्थांचा कायदा) आहे, तेव्हा खिडकीतून जांभळा उजेड दिसल्यावर सोसायटीचा सेक्रेटरी वर आला तर दार उघडून सरळ टोमॅटो दाखव.

---

तिसरा_मजला, १५ एप्रिल, सकाळी ८:१०

राईनकाठ, हसू नका, सेक्रेटरी गेल्या महिन्यातच येऊन गेले. "काय चाललंय रात्रभर जांभळं जांभळं?" मी आत बोलावून दाखवलं. ते मिरचीकडे दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, एवढ्यासाठी?

युरियाचं वाचून डोळे उघडले. म्हणजे मीटर बरोबर, मी बरोबर, व्हिडिओवाला पण त्याच्या खतापुरता बरोबर, आणि मेला कोण तर टोमॅटो. खतं आज आणतो. पण मुळं तपकिरी झाली त्याचं काय? ते झाड काढून टाकू का ठेवू? आणि नवीन पाणी किती भरू, मुळं तर आता पूर्ण पाण्यात वाढलेली आहेत, एकदम पोकळी केली तर वाळतील ना?

---

मिरचीवाली, १५ एप्रिल, सकाळी १०:४५

हा प्रश्न चांगला विचारलास, बरेच लोक इथेच दुसऱ्यांदा झाड मारतात.

एकदम अर्धी बादली रिकामी नको. आज सगळं पाणी फेक (कुंड्यांना घाल, पातळ करून), बादली घासून धू, मुळं साध्या पाण्याखाली हलक्या हाताने धुऊन जे हाताला लागून सुटतंय ते सुटू दे, ओढू नको. मग निम्म्या ताकदीचं खत, आणि पाणी नेट पॉटच्या बुडापासून दोन बोटं खाली. बस. पुढे झाड पिईल तसं ते आपोआप खाली जाईल आणि तू काहीही करायचं नाहीस. हात मागे बांध. आठ दहा दिवसात वरच्या भागात पांढरा कापूस फुटल्यासारखी मुळं दिसतील, ती दिसली की झाड वाचलं. त्यानंतर पाणी भरायचं ते बादलीत एक तृतीयांश उरल्यावर, आणि भरताना सुद्धा पोकळी निम्म्याच्या वर बुडवायची नाही. मी बादलीवर बाहेरून मार्करने दोन रेघा मारते, खालच्या रेघेला गेलं की वरच्या रेघेपर्यंत. त्या दोन रेघांच्या पलीकडे घरात कोणाचंही मत विचारात घेत नाही.

तपकिरी मुळांचं झाड: शेंड्याला जीव असेल तर एक संधी दे, पण वेगळं ठेव, आणि ते हाताळून झाल्यावर हात धुतल्याशिवाय ढोबळीला हात लावू नको. ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड मेडिकलमध्ये मिळतं, लिटरला २-३ मिली एकदाच घालून बघ. काही लोक ट्रायकोडर्मा किंवा बॅसिलस (कुजवणाऱ्या बुरशीला आवरणारे उपयोगी सूक्ष्मजीव) घालतात, तेही चालतं, पण दोन्ही एकदम नाही, पेरॉक्साइड त्यांनाही मारतं. खरं सांगू, ह्यातलं काहीही केलंस आणि पाणी ३२ डिग्रीच राहिलं तर उपयोग शून्य. २० डिग्रीच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसात, आणि गरम पाण्यात मुळांना तो जास्त लागतो आणि कुजवणारी बुरशीही जोरात वाढते. सगळीकडून मार.

म्हणून बादलीला आधी काळा रंग मग वरून पांढरा, किंवा नुसता किचनमधला अल्युमिनियम फॉइल गुंडाळ, शेवाळ पण थांबेल. फक्त काळा मारून उन्हाळ्यात ठेवू नको, चहा होईल. बाहेरून गोणपाट ओलं करून गुंडाळ आणि छोटा पंखा त्यावर सोड, माझ्याकडे तेवढ्याने चार पाच डिग्री उतरतं, ठाण्याच्या दमट हवेत, पुण्याच्या कोरड्या हवेत अजून उतरेल. आणि लाइटचा तो आठ तासांचा अंधार आता रात्रीऐवजी दुपारी कर, रात्री लाइट चालू ठेव, झाडाला काय कळतंय बाहेर किती वाजलेत.

अजून एक, कोणी बोललं नाही म्हणून. झाकणाच्या भोकात, नेट पॉटच्या कडेला जी फट राहते तिथून डास आत जातात. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. फटीला स्पंज किंवा जाळी लाव. पावसाळ्यात पालिकेची माणसं तपासणीला येतात आणि अळ्या सापडल्या तर दंड होतो, तेव्हा "हे हायड्रोपोनिक आहे" ऐकून घेत नाहीत.

---

अंगणवेडी, १५ एप्रिल, दुपारी २:००

एवढं सगळं करण्यापेक्षा कुंडीत लावा की हो.

---

मिरचीवाली, १५ एप्रिल, दुपारी २:२०

ताई उत्तरेची बाल्कनी आहे त्याची :) पण मुद्दा मान्य.

---

तिसरा_मजला, ९ मे, रात्री १०:५०

उशिरा कळवतोय, माफी. काय काय झालं ते सांगतो म्हणजे पुढच्या माणसाला उपयोगी.

तपकिरी मुळांचा टोमॅटो गेला. पेरॉक्साइड घातलं, चार दिवस बरं वाटलं, मग एका दुपारी पूर्ण लोळला तो उठलाच नाही. मुळं बाहेर काढली तर चहाच्या चोथ्यासारखी. दुसरा टोमॅटो वाचला पण राईनकाठ म्हणाले तसंच, वाढ काही भरून निघाली नाही, नऊ इंचावरच थांबला आणि त्याच उंचीवर फुलला. जुनी पिवळी पानं हिरवी झाली नाहीत, नवीन मात्र साधारण आठव्या दिवसापासून हिरवीगार यायला लागली. मी उगाच जुनीच पानं रोज बघून निराश होत होतो.

पाणी फॉइल, गोणपाट आणि टेबलफॅनवर २६ पर्यंत उतरलं. मध्ये लाइट गेले चार तास, पंखा बंद, ३० ला गेलं, फ्रीजरमधली पाण्याची बाटली घट्ट झाकण लावून बादलीत सोडली, ते पण चाललं. पीएच आता तीन दिवसांनी मोजतो, ६ च्या आसपास राहतोय. पहिल्यांदा फॉस्फोरिक टाकताना केमिस्ट काकांनी सांगूनही घाई केली आणि एकदम ४.३ वर आणला, मग निम्मं पाणी बदललं. नळाच्या पाण्याचा टीडीएस ७५ निघाला, आरओ बंद केला, बायको त्यावरच सगळ्यात खूश आहे.

आणि ती कापसासारखी मुळं! मिरचीला आली, अकराव्या दिवशी. मी आईला उठवून दाखवली.

मिरचीला आता मोजून चोवीस फुलं आहेत. ढोबळीला एकच फळ, पण त्याच्या बुडाला चपटा तपकिरी डाग पडलाय, मऊ नाही, चामड्यासारखा. टोमॅटोला सहा फळं धरलीत, त्यातल्या एकाला तसाच. परागीभवन व्हावं म्हणून फुलं मी रोज सकाळी इलेक्ट्रिक टूथब्रशने हलवतो. आता कॅल्शियम तर देतोय ना, मग हे काय?

---

नारायणगावकर, १० मे, दुपारी १:०५

ती बुडाची कूज. कॅल्शियम बादलीत आहे पण फळापर्यंत पोचत नाही, कारण ते पाण्याबरोबर चालतं आणि तुमचा पंखा सगळा वारा पानांवर मारत असणार, पानं सगळं पाणी ओढून घेतात, फळाला उरत नाही. पंखा झाडावर नको, बादलीवरच ठेवा, खाली तोंड करून. आणि खत आता पूर्ण ताकदीचं करून बसला असाल तर इतक्या उकाड्यात थोडं पातळ करा, ईसी दीडवर आणा, पाणी उचलायला सोपं जातं. डाग पडलेलं फळ तोडून टाका, ते सुधारत नाही, पुढची बघा. डाग कापून बाकीचं खाता येतं.

---

तिसरा_मजला, १० मे, रात्री ९:३०

पंखा खरंच पानांवर होता. फिरवला. ढोबळी तोडली, डाग कापला, आज पोह्यात घातली, चौघांत एक एक तुकडा आला. बायकोने विचारलं किलोला कितीला पडली. सांगितलं नाही.